फॉर्मवरचा सातवा प्रश्न

भीमसेन कट्टी सरांनी धारवाडच्या एका शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात पाऊल टाकता टाकताच ते कुणाकडे तरी बोट करून "सतरा आठे?" म्हणायचे, आणि ते टेबलापर्यंत पोचायच्या आत उत्तर आलं नाही तर त्या मुलाला उभं राहावं लागायचं. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. पण झटकन उत्तर देणाऱ्याकडे बघताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की तेवढ्यासाठी पोरं तीसपर्यंतचे पाढे घोकून यायची. ज्याचं डोकं तेज, त्याचं उत्तर आधी, अशी त्यांची साधी समजूत होती.

असा माणूस, आणि त्याच्या सप्तापुरातल्या घरात गेली वीस वर्षं कुणी गणिताचं नाव काढलं नव्हतं.

सरांना एकच मुलगी, भार्गवी. पाचव्या वर्षी तिला मधुमेह झाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे. लहान मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनायचंच थांबतं, तो. सकाळ-संध्याकाळ सुई, मोजून जेवण, वेळेवर खाणं. सुलभाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, ते सगळं पदर खोचून अंगावर घेतलं. सरांकडे अभ्यास होता. पोरगी चलाख होती. सातव्या वर्षी ती वडिलांशी पाढ्यांची शर्यत लावायची आणि अधूनमधून जिंकायचीसुद्धा. सर मुद्दाम हरणाऱ्यांतले नव्हते.

आठव्या वर्षी एका दुपारी अभ्यासाला बसलेली असताना तिची साखर एकाएकी उतरली आणि तिला फिट आली. सुलभाताई माळमड्डीला बहिणीकडे गेल्या होत्या. सरांनी पोरीला उचललं, समोरच्यांच्या रिक्षात घातलं, दवाखाना गाठला. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा कुठे ती शुद्धीवर आली, पण संध्याकाळपर्यंत आईला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी घरी पाठवताना डॉक्टर सहज बोलून गेले, "जपा हं. वाढत्या मेंदूला साखर कमी पडलेली चांगली नाही."

ते वाक्य सरांच्या काळजात रुतून बसलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांना दिसायला लागलं की जी मुलगी पापणी लवायच्या आत उत्तर द्यायची, ती आता थांबते, वर बघते, बोटं हलवते. अशक्तपणा होता, भीती होती की आणखी काही, हे कुणी विचारलं नाही. सरांनी मनाशी निकाल लावून टाकला आणि तिला गणित शिकवणं सोडलं. शाळेत तिला पंचावन्न पडोत, पन्नास पडोत, ते प्रगतिपुस्तकावर सही करायचे आणि काही बोलायचे नाहीत. लोक विचारायचे, तेव्हा म्हणायचे, "तिची तब्येत बरी नसते." भार्गवी बाजूलाच उभी असायची.

दहावीनंतर तिनं आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि हुबळीत केशवापुरातल्या एका आर्किटेक्टकडे लागली. कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. तिला चित्रं काढायचा नाद होता, त्यातूनच हे निघालं असेल, असं सर समजून चालले होते. ऑफिसात ती नेमकं काय करते ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि चहा घेता घेता तिनं एक कागद वडिलांपुढे सरकवला. तिचे उपचार चालू असलेल्या हुबळीच्या दवाखान्यानं पाठवलेला. लहानपणापासून मधुमेह असलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या लोकांची स्मरणशक्ती, लक्ष, विचार करायचा वेग, असं सगळं तपासून बघणार होते.

"मी नाव दिलंय," भार्गवी म्हणाली.

"कशाला?"

"मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय, नोकरी सांभाळून. त्यात गणिताचे पेपर आहेत. साहेब म्हणतात, तुझं काम चुकत नाही, पण तू सावकाश आहेस. का सावकाश आहे, ते मला कळायला पाहिजे की."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असल्या तपासण्यांतून काय निघतंय? उगाच मनाला लागून राहील काहीतरी."

"न कळता लागून राहिलेलंच आहे, अप्पा," ती शांतपणे म्हणाली. "घरचं एक माणूस बरोबर लागतं. लहानपणचं विचारतात. तुम्ही या. फिट आली त्या दिवशी तुम्हीच होता घरात."

फॉर्म कन्नडमध्ये छापलेला होता आणि घरूनच भरून न्यायचा होता. सर दुसऱ्या दिवशी सकाळी पेन घेऊन बसले. आजार कितव्या वर्षी सुरू झाला, सुई कितीदा, शाळा किती बुडायची. सहा प्रश्नांची उत्तरं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली. सातवा होता: दहा वर्षांच्या आत साखर फार कमी होऊन फिट आली होती का? किती वेळ? त्याआधी काय घडलं होतं?

पहिल्या दोन भागांपुढे त्यांनी लिहिलं. तिसऱ्यापुढची जागा कोरी राहिली.

त्याआधी काय घडलं होतं, ते जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. भार्गवी तीन आकडी संख्यांचे गुणाकार करत होती. मध्येच म्हणाली, "अप्पा, भूक लागलीय." सर म्हणाले, "हे एवढं होऊ दे." तिनं दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "अप्पा, आकडे हलायलेत." शाळेत तीस-चाळीस पोरांच्या सबबी रोज ऐकणारा माणूस तो. हसला आणि म्हणाला, "हलणारे आकडे धरून ठेव आणि बेरीज कर." पाच मिनिटांनी पेन्सिल खाली पडली. दवाखान्यात आणि बायकोला त्यांनी सांगितलं होतं, "बसल्या बसल्या अचानक पडली."

फॉर्म घडी घालून त्यांनी खिशात ठेवला.

ठरल्या दिवशी दोघं चिगरी नावाच्या जलद बसनं हुबळीला गेली. भार्गवी खिडकीशी बसून फोनवर कुणाचा तरी नकाशा बघत होती. सरांचा हात नवलूरपासून उणकलपर्यंत खिशातल्या फॉर्मवर होता. दवाखान्यात त्यांना अर्चना हिरेमठ नावाच्या बाईंच्या खोलीत बसवलं. पस्तिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. मेंदूच्या कामाच्या चाचण्या घ्यायचं काम त्यांचं. धारवाडकडचं ऐसपैस कन्नड बोलायच्या.

त्यांनी पहिला कागद पुढे केला आणि घड्याळाला हात घातला, तेवढ्यात भार्गवीचा फोन टुणटुण वाजला. तिच्या दंडावर साखर मोजणारं बटनाएवढं यंत्र चिकटवलेलं असतं, त्याचा तो इशारा. तिनं बघितलं.

"मॅडम, बासष्ट आलीय. उतरायलीय. पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागेल."

"थांबू या की," अर्चनाबाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं. "उपाशी डोक्याची परीक्षा घेऊन मला काय कळणार? आरामात खा. मी पण चहा घेते."

भार्गवीनं पिशवीतून ज्यूसचा छोटा डबा काढला, नळी खुपसली, प्यायली. मग ती आणि अर्चनाबाई हुबळीच्या रस्त्यांवर बोलत बसल्या. चहा आला. कुणाला घाई नव्हती, कुणी सबब म्हटलं नाही, कुणी हसलं नाही. सर त्या दोघींकडे बघत राहिले. एवढंच करायचं होतं त्या दिवशी, त्यांच्या मनात आलं. वही मिटायची आणि तिला काहीतरी खायला द्यायचं.

त्यांना तिथे बसवेना. "बाहेर बसतो," म्हणून ते व्हरांड्यात आले, बाकावर बसले आणि खिशातला फॉर्म काढला. सातव्या प्रश्नापुढची जागा कमी पडली, म्हणून कागद उलटा करून पाठीमागे लिहिलं. ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, दोन्ही वेळचं, जसंच्या तसं. खाली लिहिलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन तासांनी दार उघडलं. भार्गवी हात धुवायला गेली तेवढ्यात त्यांनी फॉर्म अर्चनाबाईंच्या हाती दिला. बाईंनी पुढचं वाचलं, उलटवून मागचं वाचलं.

"बरं झालं लिहिलंत," एवढंच त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या दोघं."

ते पंधरा दिवस सरांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. जेवण जाईना. फिरायला निघायचे आणि विद्यापीठाच्या फाटकापासून परत यायचे. सुलभाताई म्हणायच्या, "अहो, परीक्षा तिची होती. तुम्ही का वाळायलात?" सरांना दिसत होतं ते एवढंच: आता छापील कागदावर शिक्का मारून येणार की या मुलीचं डोकं अमुक इतकं कमी पडलं, आणि खाली त्यांचं नाव.

दुसऱ्या वेळी अर्चनाबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि आढेवेढे न घेता सुरुवात केली.

"स्मरणशक्ती चांगली आहे. लक्ष चांगलं. तर्क करून कोडं सोडवणं, सरासरीच्या वर. आणि आकार, जागा, एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं, यात शंभर माणसं उभी केली तर ही पहिल्या दहांत येईल." त्यांनी पान उलटलं. "वेग मात्र कमी आहे. घड्याळ लावून भराभर करायची कामं दिली की शंभरात साधारण सत्तर जण हिच्या पुढे जातात. चुका करत नाही, वेळ घेते. लहान वयात मधुमेह झालेल्या बऱ्याच जणांत थोडंफार असं दिसतं. फरक छोटा असतो. पण परीक्षेत घड्याळ समोर असलं की तो मोठा वाटतो."

"म्हणजे मी मठ्ठ नाही," भार्गवी म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"मठ्ठ?" अर्चनाबाई हसल्या. "हे कागद घरी नेऊन वाच."

सर खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, तो वेग... त्या दिवसामुळे गेला का?"

बाईंनी एकदा भार्गवीकडे बघितलं आणि सावकाश उत्तर दिलं. "सर, खोटा धीर देत नाही. एका दिवसावर बोट ठेवता येत नाही. कुणालाच नाही. आजार फार लहानपणी सुरू झाला, त्याचा वाटा असेल. साखर वर्षानुवर्षं वर जात राहिली, विशेषतः वयात येताना, त्याचाही असेल. कमी झाली तेव्हाचाही थोडा असू शकेल. काही माणसं तर आजार नसतानाही सावकाशच असतात. पण एका फिटनं हिची बुद्धी गेली असं मी लिहू शकत नाही. गेलेली नाही हे दिसतंच आहे. इथून पुढे साखर अशीच आटोक्यात ठेवा, दोन वर्षांनी पुन्हा बघू. आणि कॉलेजसाठी पत्र देते. परीक्षेत जादा वेळ मागा. हक्कानं मागा."

बाहेर आल्यावर भार्गवी आवारातल्या कट्ट्यावर बसली. "कुठला दिवस, अप्पा?"

सर तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फॉर्मवर लिहिलं होतं तसंच. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. समोर उभ्या असलेल्या स्कूटरच्या नंबर प्लेटकडे बघत बोलले.

भार्गवीनं हातातला अहवाल घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मला त्यातलं काहीच आठवत नाही. ना भूक, ना ते हलणारे आकडे. मला आठवतं ते घरी आल्यावरचं. चार-पाच दिवसांनी मी वही घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही वही बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, नको बाळ, तू चित्र काढ. तुमचा चेहरा असा होता की मला वाटलं, माझं काहीतरी कायमचं बिघडलंय आणि मोठ्यांना ते कळलंय."

"मी तुला जपत होतो ग."

"ठाऊक आहे. पण मी वीस वर्षं समजत होते की तुम्हाला माझी लाज वाटते. गणिताच्या मास्तरची ढ मुलगी."

"लाज वाटत होती," सर म्हणाले, "माझी मला. तुझ्याकडे बघितलं की ती आठवायची, म्हणून मी बघणंच टाळलं. तुझी कधीच नाही वाटली."

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, खाली ओघळू दिलं. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं राहू दिला. "तुम्ही माझ्यासाठी थांबायला पाहिजे होतं, अप्पा," ती म्हणाली. "तेव्हाही, आणि नंतर मला शिकवायचं सोडलंत तेव्हाही. दुसरं जास्त लागलं."

"हो," सर म्हणाले. यापुढे सबब द्यायची नाही एवढं त्यांना कळलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती एकदम म्हणाली, "एक सांगा. एका मजल्याची उंची दहा फूट. जिना काढायचाय. एका पायरीचा चढ साधारण पावणेसात इंचांच्या आत बसवायचा. पाय ठेवायच्या फळ्या किती लागतील?"

सरांचं डोकं जुन्या सवयीनं धावलं. एकशेवीस इंच. "अठरा."

"सतरा."

"एकशेवीस भागिले अठरा, सहा पूर्णांक दोन तृतीयांश. बरोबर बसतंय. अठराच."

"चढ अठरा," भार्गवी म्हणाली. "फळ्या सतरा. शेवटचा पाय वरच्या मजल्याच्या जमिनीवर पडतो, अप्पा. तिथे फळी कशाला?"

सर थक्क झाले. मनातल्या मनात जिना चढून बघितला. मग त्यांना हसू आलं, आणि ते आवरेना. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. "तू हे रोज करतेस?"

"सहा वर्षं झाली."

सुलभाताईंना सांगायचं काम सोपं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवस सरांशी अवाक्षर बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, उठून जायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सर झाडांना पाणी घालत होते, तिथे येऊन उभ्या राहिल्या. "माझं पोर भुकेलं होतं आणि तुम्ही गुणाकार करवत होता, याचा राग मला मरेपर्यंत राहील," त्या म्हणाल्या. "आणि एवढं मोठं एकट्यानं पोटात ठेवून जगलात, त्याचा त्याहून जास्त." मग त्यांच्या हातातली झारी घेऊन त्यांनीच पाणी घालायला सुरुवात केली. त्या दिवशी सर कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले आणि दुपारी चार वाजेपर्यंत गाढ झोपले.

पावसाळ्यात डिप्लोमा सुरू झाला. जादा वेळ मंजूर करून घ्यायला कॉलेजात चार हेलपाटे घालावे लागले. पहिल्यांदा तिथला कारकून म्हणाला, "साखरेचा आणि गणिताचा काय संबंध?" सरांनी अर्चनाबाईंचा अहवाल टेबलावर पसरून त्याला अर्धा तास समजावलं, अगदी वर्गात समजावतात तसं. चौथ्या खेपेला प्राचार्यांची सही मिळाली.

रोज सकाळी सहा ते सात बापलेक अभ्यासाला बसू लागली. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. भार्गवी उदाहरण वाचून थांबली की सरांच्या तोंडून "हं, पुढे?" निघायचं. एकदा तिनं पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "तुम्ही हं म्हणालात की मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं." तेव्हापासून सर वर्तमानपत्र घेऊन बसू लागले. ती थांबायची, आकृती काढायची, परत थांबायची, आणि बरेचदा अशा वाटेनं उत्तराला पोचायची की ती वाट सरांनी तेहतीस वर्षांत कुणाला शिकवली नव्हती. कधी साफ चुकायचीही. साखर वर गेलेल्या सकाळी तिला काही सुधरायचं नाही, मग त्या दिवशी पुस्तक मिटून दोघं फिरायला जायची.

डिसेंबरात पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर होता. सर तिच्याबरोबर गेले आणि फाटकाजवळच्या झाडाखाली बसले. वेळ संपल्याची घंटा झाली, मुलांचे घोळके बाहेर पडले, उत्तरं ताडत, हळहळत निघून गेले. आवार रिकामं झालं. भार्गवी अजून आत होती. तिचा पाऊण तासाचा वाढीव वेळ चालू होता. सरांनी गाड्यावर चहा सांगितला. चहावाल्यानं विचारलं, "तुमचं कोण आत राहिलंय? सगळे गेले की."

"मुलगी आहे," सर म्हणाले. "ती सावकाश लिहिते. येईल."

ती आली तेव्हा बोटांना शाई लागली होती आणि केस विस्कटले होते. "शेवटचं आठ मार्कांचं राहिलं होतं," ती म्हणाली. "वाढीव वेळात झालं."

"बरोबर आलं?"

"आलं असावं. ताळा करून बघितला."

दोघं बसस्टॉपकडे चालू लागली. ते उदाहरण कसं सुटलं ते भार्गवी हातवारे करून सांगत होती, आणि सर मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत होते.